गावाला कळलं पाहिजे

आषाढात नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर किंवा थोडं पुढे कापूरहोळला उभं राहिलं की एक प्रश्न दिवसभर कानावर पडतो: "घाट चालू आहे का?" विचारणारा कधी महाडकडे माल घेऊन निघालेला टेम्पोवाला असतो, कधी कोकणात माहेर असलेली बाई, कधी वरंधाचे धबधबे बघायला निघालेली पोरं. पावसाळ्यात वरंध घाटातली वाहतूक बंद ठेवण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. अवजड वाहनांना केव्हापासून बंदी, अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा कुणाला बंदी, पर्यायी रस्ता कोणता, हे सगळं त्यात नीट लिहिलेलं असतं. तो आदेश वर्तमानपत्रात येतो, फोनवरही फिरतो. तरी फाट्यावरचा माणूस विचारतो चहावाल्यालाच. आणि चहावाल्याचं उत्तर पुष्कळदा बरोबर निघतं, कारण तासाभरापूर्वी तिकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने त्याला ते सांगितलेलं असतं.

आदेश निघतो केव्हा आणि माणसाला कळतो केव्हा, यातलं अंतर हा माझ्या विचाराचा विषय आहे. रस्ता बंद होणार, धरणाचं पाणी सोडणार, नळाला चार दिवस पाणी नाही, बिबट्या शिवारात फिरतोय, डोंगराला भेग पडलीय, अशा गोष्टी गावाला सांगण्याची जबाबदारी कुणाची? सांगून झालं असं केव्हा म्हणायचं? या प्रश्नांची उत्तरं गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हळूहळू बदलत आली. भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यात ते बदल जवळून बघता येतात.

नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. घंटेचा आवाज चार शिवारं ओलांडून जातो, झोपलेल्याला जागं करतो, पण काय झालंय ते सांगू शकत नाही. आग लागली की चोर आले, गावाने पळायचं की धावून यायचं, ते घंटेला ठाऊक नसतं. त्यासाठी माणसाचं तोंड लागतं, आणि आपल्या गावगाड्यात ते काम दवंडीवाल्याचं होतं.

दवंडीबद्दल आपण फार हळवेपणाने बोलतो. हलगीचा ठेका, 'ऐका हो ऐका'ची हाळी, चावडीपुढे जमलेली पोरं. पण दवंडी देणारा माणूस कोण होता, हे त्या आठवणीत सहसा येत नाही. बहुतेक गावांत हे काम महार किंवा मांग समाजाच्या माणसावर वतन म्हणून लादलेलं होतं. वेशीवर जागायचं, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि पाटील सांगेल तो हुकूम गावभर ओरडायचा. ज्याच्या तोंडून गावाला सगळं कळायचं, त्याला स्वतःचं काही गाऱ्हाणं चावडीवर बसून सांगायची मुभा नव्हती. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, त्यामागे ही वेठ मोडण्याची तळमळ होती. ती वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. पुढे दवंडी कोतवालाकडे आली. वेठ गेली आणि मानधन आलं, पण दवंडीचा मजकूर बराच काळ तसाच राहिला: अमुक तारखेच्या आत शेतसारा भरावा, न भरल्यास जप्ती होईल. वरून खाली आलेला हुकूम, ज्याला गावाने उलट काही विचारायचं नसतं.

या वृत्तीचं सर्वांत कडू उदाहरण पुण्याने १८९७ मध्ये पाहिलं. त्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला, प्लेगचा बंदोबस्त रँडच्या हाती आला, आणि गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. साथीपुढे घरतपासणी लागते, विलगीकरण लागतं, हे आज कुणीही मान्य करील. पण ते का लागतं, रोग्याला नेतात कुठे, त्याला भेटता येईल का, हे घरातल्या बायामाणसांना समजेल अशा भाषेत सांगण्याची गरज त्या राज्यकर्त्यांना वाटली नाही. म्हणून माणसं रोगी लपवू लागली, आणि औषधापेक्षा शिपायाची दहशत मोठी झाली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो इतिहास आपण देशभक्तीचा म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. पण लोकांना न सांगता त्यांच्या भल्याचं काम रेटता येत नाही, हाही त्यातला एक धडा आहे.

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. कलमं जुनीच, पण या वेळी दारात उभी होती गावातलीच आशाताई. ती कुणाची सून होती, कुणाची जाऊ. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाला दमा आहे, हे तिला कागद न बघता माहीत होतं. लोक तिच्यावर चिडलेही, तिला टाळलंही, पण तिने सांगितलेलं ऐकलं. एकाच कायद्याच्या या दोन अंमलबजावण्यांमधला सगळा फरक सांगणाऱ्या माणसात आहे.

आता पानशेत. आपल्या भागात राहून याविषयी लिहायचं आणि पानशेत टाळायचं, हे होणार नाही. ते धरण आंबी नदीवरचं, वेल्हे तालुक्यातलं; त्या तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. १९६१ च्या पावसाळ्यापर्यंत काम उरकण्याची घाई झाली होती, पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचं काम अपुरं होतं, आणि तरी धरणात पाणी चढत गेलं. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात बांधावर वाळूची पोती रचत होते. याचा अर्थ असा की धोका आहे हे त्या रात्री अनेकांना माहीत होतं. इंजिनिअरांना माहीत होतं, लष्कराला माहीत होतं, अधिकाऱ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते मुठेच्या काठावर झोपलेल्या माणसांना. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं, आणि निम्मं जुनं पुणं पाण्याखाली आलं. नदीकाठच्या कितीतरी घरांना वार्ता मिळाली ती पळत सुटलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून, पाण्याच्या थोडीशीच आधी.

लोकांना आधी का सांगितलं नसेल? मला वाटतं, उत्तर सोपं आहे आणि ते आजही लागू पडतं. अधिकाऱ्याला दोन भीती असतात. सांगितलं आणि काही झालं नाही तर आपण घबराट पसरवली असा ठपका येईल. न सांगता काही झालं तर तो निसर्गाचा कोप ठरेल. पहिल्या चुकीला जबाबदार माणूस सापडतो, दुसऱ्या चुकीला सापडत नाही. म्हणून गप्प बसणं सुरक्षित वाटतं. 'लोक घाबरतील' या वाक्याने आपल्याकडे जितकी माणसं दगावली असतील, तितकी घबराटीने नक्कीच दगावली नसतील.

आणि हे १९६१ मध्ये संपलं असंही नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून रात्रीत विसर्ग वाढवत पस्तीस हजार क्युसेकवर नेला गेला, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे माणसं जागी झाली ती घरात शिरलेल्या पाण्याने. आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. नदी तीच, महिना तोच, मध्ये त्रेसष्ट वर्षं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. विसर्गाचा आकडा त्या रात्रीही फोनवर फिरत असणार. पण पस्तीस हजार क्युसेक म्हणजे माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये किती फूट, हे आकड्यात नसतं. गुंजवणीकाठच्या शेतकऱ्यालाही 'विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' हा संदेश येतो, तेव्हा त्याला हवं असतं ते एवढंच: मोटार वर काढू की नको, गुरं अलीकडे आणू का, आणि किती वाजेपर्यंत.

मधल्या काळात एक मोठा वैचारिक बदल झाला, त्याची नोंद घेतली पाहिजे. माहिती ही सरकारची कृपा नसून लोकांचा हक्क आहे, हे आपण कायद्यात लिहिलं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा दिली, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचा आधार दिला. महाराष्ट्रातल्या माहिती अधिकाराच्या चळवळीनंतर राज्याचा कायदा आला, आणि २००५ मध्ये देशाचा. त्या देशाच्या कायद्याचं चौथं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कुणी अर्ज करण्याची वाट न बघता कार्यालयाने आपणहून माहिती जाहीर करावी, असं ते म्हणतं. दवंडीच्या काळाची ही पूर्ण उलटी बाजू आहे. तरी चौथ्या कलमाचं आपल्या गावांत काय झालं, ते पंचायतीच्या भिंतीवरचे फलक बघून समजतं. काचेमागे, कुलपात, बारीक टायपात, दोन वर्षांपूर्वीची यादी. कलम पाळलं जातं आणि कुणाला काही कळतही नाही.

याच्या उलट चाल बघायची तर नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारची बघावी. गावाने पाऊस मोजायचा, त्या पावसातून विहिरींत किती पाणी उतरलं याचा ताळेबंद मांडायचा, तो ग्रामसभेत सगळ्यांपुढे ठेवायचा, आणि कमी पडणार असेल तर कुठली पिकं घ्यायची नाहीत हे तिथंच ठरवायचं. पोपटराव पवारांच्या गावाचं कौतुक झाडांसाठी आणि श्रमदानासाठी पुष्कळ होतं. मला मात्र हे अधिक अवघड वाटतं की तिथं वाईट बातमीसुद्धा वेळेवर, सगळ्यांसमोर आणि आकड्यासह सांगितली जाते. 'यंदा पाणी कमी आहे' हे मतं मागणाऱ्या माणसाने भर सभेत सांगणं सोपं नाही.

आणीबाणीच्या यंत्रणेचा विचार आपल्याकडे खऱ्या अर्थाने किल्लारीनंतर सुरू झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे केले, नियंत्रण कक्ष उभे राहिले. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला. १०८ ची रुग्णवाहिका आली, ११२ आला. पुणे-सातारा महामार्गावर अपघातात सापडलेल्या किती जणांचे प्राण या तीन आकड्यांनी वाचवले असतील, हे महामार्गाकाठच्या माणसांना सांगायला नको. हवामान खातं आता पुणे जिल्हा आणि पुण्याचा घाट परिसर यांचे इशारे वेगळे देतं. ही साधी वाटणारी सुधारणा आपल्यासाठी फार मोठी आहे. बारामती आणि वेल्हे एकाच जिल्ह्यात असले तरी त्यांचा पाऊस एका जिल्ह्यातला नाही. पूर्वी जिल्ह्याला इशारा मिळायचा, बारामतीत ऊन असायचं, लोक इशाऱ्याला हसायचे, आणि ते हसू घाटातल्या वाडीपर्यंत पोचायचं.

पण या सगळ्या यंत्रणेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: माहिती वर असते आणि ती खाली पोचवायची असते. ते गृहीतक मोडलं माळीणने. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. जगाला हे कळलं कसं? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला रोज दिसणारं गाव जागेवर दिसलं नाही, आणि त्याने जाऊन ते सांगितलं. उपग्रहाने पाहिलं नाही, नियंत्रण कक्षाला पत्ता नव्हता. नंतर जिल्ह्यातल्या दरडींचा धोका असलेल्या गावांचं सर्वेक्षण झालं, त्यात आपल्या भोर-वेल्ह्यातल्या वस्त्याही आल्या. यादी होणं गरजेचंच होतं. पण जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा सरकारने विधिमंडळात सांगितलं की ती वाडी धोक्याच्या यादीत नव्हतीच. अतिवृष्टीचा इशारा होता, पण तो त्या वाडीसाठी आहे असं कुणी वाडीला सांगितलं नव्हतं, कारण यादीने तिला ओळखलंच नव्हतं.

डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं वाकली, हे सगळ्यांत आधी बघतो तो गुराखी किंवा सरपणाला गेलेली बाई. तिने पाहिलेलं तहसीलदारापर्यंत त्याच दुपारी पोचेल का, आणि पोचलं तर तिला कुणी उलट फोन करेल का? माझ्या मते आपल्या सगळ्या आपत्ती व्यवस्थापनाची खरी परीक्षा या एका प्रश्नात आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलावर गावची खबर वर कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, पण सरपणाला गेलेल्या बाईला तो दुवा आपला वाटला पाहिजे.

म्हणूनच पुणे ग्रामीण पोलिसांनी गावोगावी नेलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा मला या साऱ्या प्रवासातली महत्त्वाची पायरी वाटते. रचना साधी आहे. गावकऱ्यांनी आपापले नंबर नोंदवायचे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, पूर आला, की कुणीही नोंदलेला माणूस एका टोल-फ्री नंबरला फोन करून आपल्या आवाजात बोलतो, आणि ते बोलणं तसंच्या तसं गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून जातं. इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो, वाचता येण्याची अट नाही. पंचायतीची पाण्याची, ग्रामसभेची सूचनाही तिच्यावरून देता येते. जुन्या गावगाड्यात बोलण्याचा अधिकार पाटलाचा आणि ओरडण्याची वेठ महाराची होती. इथे रात्री दोन वाजता वस्तीवरची एकटी म्हातारी सगळ्या गावाला उठवू शकते.

यात धोका आहेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कितीतरी दिवस फोनवर फिरत होत्या. त्या दिवसांत राईनपाड्याला कुणी विश्वासाच्या माणसाने गावात येऊन 'हे खोटं आहे' असं ठासून सांगितलं असतं तर? अफवा रिकाम्या जागेत वाढते. जिथे पंचायत, पोलीस पाटील, तलाठी एरवी काही सांगतच नाहीत, तिथे लोक मिळेल ते खरं मानतात. नाव-नंबरासह नोंदलेला आवाज आणि कुणीही पुढे ढकललेला निनावी मजकूर यांत म्हणूनच फरक केला पाहिजे. बोलणाऱ्याची ओळख पटते, तेव्हा त्याला जबाबदारीही घ्यावी लागते.

जपानमध्ये अनेक गावांत सरकारी भोंग्यांवर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक धून वाजते. पोरं ती ऐकून घरी परततात. तिचा खरा हेतू भूकंप-त्सुनामीच्या इशाऱ्याचे भोंगे चालू आहेत का हे रोज तपासण्याचा आहे. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेल्यावर दोन वर्षांत स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. झेंडे आणि कर्णे घेऊन त्याच गावातली माणसं दारोदार जाऊन सांगतात. यंत्र रोज वापरात हवं आणि सांगणारा ओळखीचा हवा, या दोन गोष्टी त्यांनी मोठी किंमत देऊन शिकल्या. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सगळ्यांच्या फोनवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा तो कर्कश आवाज ऐकून कितीतरी माणसं दचकली, आणि चाचणी आहे कळल्यावर विसरूनही गेली. वर्षातून एकदा ऐकलेल्या आवाजावर माणूस अंगावरचं पांघरूण टाकून भर पावसात बाहेर पडत नाही. तो बाहेर पडतो ते ज्या आवाजाने एरवी 'उद्या नळाला पाणी उशिरा येईल' असं सांगितलं आणि ते खरं निघालं, त्या आवाजावर. नळाची, विजेची, रेशनची, रस्त्याची खरी बातमी रोज देणारी पंचायत संकटाच्या रात्रीसाठी पत साठवत असते. जी पंचायत एरवी गप्प असते किंवा गोल बोलते, तिचा भोंगा त्या रात्री कितीही मोठ्याने वाजला तरी वाया जातो.

१ मे ची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत, आणि घाटमाथ्याच्या शेवटच्या वाडीपर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्या सभेला जा आणि हे विचारा. गुंजवणीचं पाणी सुटेल तेव्हा आपल्या गावात पहिला फोन कुणाला येतो, आणि तो माणूस त्या दिवशी मुंबईला असेल तर दुसरा कुणाला? ग्राम सुरक्षा यंत्रणेत आपल्या गावचे किती नंबर नोंदलेले आहेत, त्यात बायकांचे किती, आणि धनगरवाड्यावरचे किती? ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी जायचं ते ठरलं आहे का? डोंगरावर काही वेगळं दिसलं तर कुणाला सांगायचं, तो नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गावाला एक चाचणीचा कॉल करायला लावा. तो ज्यांना पोचला नाही, त्यांची यादी त्याच दिवशी करा.